लातूर ते विद्यापीठ गेट: चार दिवस आणि एक घंगाळ

नववीच्या वर्गाला जर्मनी शिकवताना मी दर वर्षी एक फोटो दाखवते. फुटपाथमध्ये बसवलेली वीतभरही नसलेली पितळी फरशी. तिच्यावर माणसाचं नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. ज्या घरातून त्याला नेलं, त्याच घराच्या दारात. गुंटर डेम्निग नावाच्या कलावंतानं हे काम सुरू केलं आणि २०२३पर्यंत अशा एक लाखावर फरश्या युरोपभर बसल्या. नाझींनी मारलेले साठ लाख ज्यू हा आकडा मुलं वहीत लिहून घेतात आणि विसरतात. या फरशीपाशी मात्र थांबतात.

यंदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या गावात बसवायच्या झाल्या तर कुणाच्या दारात बसवाल?"

माझं गाव औसा तालुक्यात आहे, हे वर्गाला माहीत असतं, कारण मी तसं सारखं सांगत असते. तास संपायला तीन मिनिटं होती. मी म्हटलं, पुढच्या तासाला बोलू. पुढच्या तासाला मी औद्योगिक क्रांती घेतली.

जानेवारीत चार दिवस सुट्टी जुळवली ती यासाठी.

११ जानेवारी, लातूर

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं सकाळी लातूर. स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवला होता, तो प्लॅटफॉर्मवरच उपसून काढावा लागला. इथली जानेवारीची पहाट पुण्यापेक्षा बोचरी असते आणि अकरा वाजता तोच स्वेटर हातात धरून फिरावं लागतं.

आत्याकडे उतरले. ती पंच्याऐंशीच्या घरात आहे. कान गेलेत, दात गेलेत, पण कोण किती देणं लागतो ते सगळं पाठ. येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, होऊन बारा दिवस झाले होते, तरी माझ्यासाठी वहिनीनं पुन्हा भज्जी केली होती. तुरीचे दाणे, हरभऱ्याचा पाला, वाटाणे, मेथी, सगळं एकत्र शिजवून बेसन लावलेली. सोबत ज्वारीची कडक भाकरी आणि आंबील. बाहेरच्यांना भज्जी म्हटलं की कांदाभजी आठवतात, त्यांनी एकदा डिसेंबर-जानेवारीत लातूर-धाराशिवकडे येऊन जावं. (वेळा अमावास्येच्या दिवशी शहरं ओस पडतात आणि सगळे रानात असतात. त्या दिवशी हॉटेल शोधू नका, कुणाच्यातरी शेतावरचं आमंत्रण मिळवा.)

दुपारी गंजगोलाईला चक्कर मारली. १९१७ साली आखलेली ही गोल बाजारपेठ, सोळा रस्ते येऊन मिळतात. सोनार एका रस्त्यावर, चपला दुसऱ्या, भाजी तिसऱ्या. मला लहानपणी इथे हरवायची भीती वाटायची, आताही वाटते. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याच लातुरात वकिली करायचा, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याचं नाव घेतलं की रिक्षावालाही दोन किस्से सांगतो. मी त्यालाच विचारलं, आणि सप्टेंबर अठ्ठेचाळीसनंतर लातुरात काय झालं? तो म्हणाला, "काय झालं म्हंजे? झेंडा लागला की."

ते खरंच आहे. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ला निजामानं शरणागती पत्करली. त्या आधीची दोन वर्षं रझाकारांनी जे केलं, खून, जाळपोळ, बायकांची विटंबना, त्याच्या कथा ऐकत आम्ही मोठे झालो. अजूनही कुणी दांडगाई करायला लागलं की "काय रझाकारी लावलीय" म्हणतात. झेंडा लागला हा आनंद खराच होता, तो मला कमी करायचा नाही.

पण माझ्या पिशवीत पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालाची छापील प्रत होती. नेहरूंच्या सरकारनं पाठवलेली ही समिती २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरली. काझी अब्दुल गफार हे दुसरे सदस्य. भारतीय फौजांच्या कारवाईच्या, म्हणजे पोलीस अॅक्शनच्या, दरम्यान आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मेली, असा त्यांचा अंदाज. बहुतेक मुसलमान. सगळ्यात वाईट अवस्था चार जिल्ह्यांची, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूरबद्दल अहवाल सांगतो की कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. दहा हजारांच्या मुसलमान वस्तीत समितीला जेमतेम तीन हजार माणसं दिसली. हजारावर मारली गेली होती, उरलेली नुसता जीव घेऊन पळाली होती. रझाकारांचे अत्याचार अहवाल लपवत नाही, सूड कशाचा होता तेही सांगतो. फक्त ज्यांच्यावर सूड निघाला ते बहुतेक रझाकार नव्हते. हा अहवाल सरकारनं तेव्हा प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या वाचनालयात तो सर्वसामान्यांना पाहायला मिळू लागला २०१३च्या सुमारास.

संध्याकाळी गच्चीवर गेले, तर कोपऱ्यात आमचं जुनं तांब्याचं घंगाळ. आता त्यात कढीपत्ता लावलाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सहा भावंडं ओळीनं त्याच्यातलं पाणी घेऊन आंघोळ करायचो. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांची नक्षी आहे, तिच्यावर बोट फिरवत बसायचे मी, पाणी गार होईपर्यंत. आत्या जिना चढून आली (चढायला मनाई आहे, म्हणूनच चढते). मी म्हटलं, "आत्या, हे मला देशील का? पुण्याला नेते."

"न्यायचं तर ने. पर ते आपलं न्हवं."

मग ती खाटेवर बसली आणि बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"म्या आठ-नऊ वर्साची आसंन. रझाकार येतेत म्हनून बोंब झाली. दाद्यानं ज्वारी पेवात घातली, वरून माती लोटली, आन् रातच्याला गाडी जुपून बार्शीला. बार्शी इंग्रजाची हुती. थितं चार म्हयने. अॅक्शन झाली, मंग दसऱ्याच्या तोंडाला माघारी आलो. आपलं घर हाय तसं. पाठीमागच्या बोळात मोमिनाची तीन घरं हुती. माग हुते त्यांचे. दारं बी काढून नेल्याली. मागाच्या खड्ड्यात पानी साचल्यालं. मानूस न्हाई."

"कुठे गेले?"

"मला कोन सांगतंय? लेकराला कोन सांगत नसतंय. दोन-चार दिसांनी दाद्यानं ते घंगाळ आनलं. उकिरड्यावर पडलं हुतं म्हनला." ती जरा थांबली. "उकिरड्यावर तांब्याचं घंगाळ कोन टाकतंय गं पोरी?"

मी मोबाइलचा उजेड पाडून काठाखालची नक्षी पाहिली. नक्षी नव्हती. छिन्नीनं ठोकून घातलेलं नाव होतं, उर्दूत. आमच्या घरात उर्दू कुणालाच येत नव्हतं. म्हणजे, आजोबांना, आत्याच्या दाद्याला, येत होतं. निजामाच्या शाळेत शिकलेले ते, सातबाराचे जुने कागद गावाला तेच वाचून दाखवायचे.

मी फोटो काढले. रात्री झोप लागली नाही. दोष डासांनाही द्यायला हरकत नाही.

१२ जानेवारी, लातूर ते नांदेड

अहमदपूर-लोहा मार्गे एसटी, चार तास. (खिडकी डाव्या बाजूची धरा, सकाळचं ऊन उजवीकडून येतं.) जिजाऊ जयंती, त्यामुळे चौकाचौकात फलक आणि लाऊडस्पीकर. दोन्ही अंगांना हरभरा फुललेला, मध्येच करडईचं काटेरी पिवळं रान.

गाडीत अहवाल पुन्हा वाचला. तारखा जुळवायची माझी खोड. समिती आमच्या मुलखात फिरत होती त्याच दिवसांत, ९ डिसेंबर १९४८ला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहाराविरुद्धचा करार मंजूर केला. तो शब्द राफाएल लेम्किन या कायदेपंडितानं १९४४मध्ये घडवलेला, म्हणजे चार वर्षांचा. आमच्याकडच्या प्रकाराला मी तो शब्द लावत नाही. तो कायद्याचा शब्द आहे, त्याला हेतू सिद्ध करावा लागतो, आणि मी शाळामास्तरीण आहे. आमच्याकडचा शब्द "अॅक्शन". अॅक्शनमध्ये गेला. अॅक्शनच्या वेळचं घर. अॅक्शनच्या वेळची जमीन. या एका इंग्रजी शब्दाखाली मारणारा कोण नि मेलेला कोण, दोन्ही झाकले जातात.

अहवालातला एक परिच्छेद मात्र मी तीनदा वाचला. काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवलं आणि एकाच धंद्यातल्या लोकांत ही आपुलकी जास्त दिसली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी हल्लेखोरांना अडवलं, त्यात काहींचे जीव गेले. आमच्या पाठीमागच्या बोळात मागवाले तिघेच होते. बाकी आम्ही सगळे कुणबी.

नांदेडला दुपारी पोचले. सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर. डाळ, पोळी, खीर. डोक्याला रुमाल बांधून पंगतीत बसायचं, शेजारी कोण ते विचारायचं नसतं. माझ्या एका बाजूला पंजाबहून आलेलं कुटुंब आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावरची पाटी खाली ठेवून बसलेला हमाल. इथे दिवसभर कधीही जेवण मिळतं, तेव्हा गुरुद्वाऱ्याच्या आसपास हॉटेलात पैसे घालवू नका. ताटात मात्र टाकू नका, वाढणारे हसत-हसत पण ठामपणे बघतात.

मग नाव वाचणाऱ्याचा शोध. जुन्या बाजारात भांड्याच्या दुकानाबाहेर नाव घालणारा बसला होता, छिन्नी-हातोडी घेऊन. त्यानं फोटो मोठा करून पाहिला. "हात चांगलाय," म्हणाला, "ठोका सारखा पडलाय. पण मला उर्दू लिवता येतं, जुनं वाचता येत न्हाई. घड्याळजीला दाखवा."

घड्याळजी साठीचे, भिंग डोळ्याला लावलेलंच. त्यांनी त्याच भिंगानं मोबाइल पाहिला, आणि मला हसू आलं, पण ते गंभीर होते. "बाईचं नाव आहे. लग्नातलं भांडं. माहेरून देतात ना. खाली गावाचं नाव आहे, ते झिजलंय. आणि साल आहे, १३४५ फसली."

फसली म्हणजे निजामाच्या महसुली कारभाराचं साल. त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १९३५-३६. आत्याच्याही आधी हे घंगाळ कुणाचं तरी नवं होतं.

त्यांनी नाव मोठ्यानं वाचलं. दोन शब्दांचं. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिचं कुणी असेल, तर ते त्यांना आधी कळायला हवं, मग तुम्हाला.

"कुठलं भांडं आहे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरातलं," मी म्हटलं, आणि लगेच दुरुस्ती केली, "आमच्या घरात होतं."

त्यांनी भिंग काढलं. चहा सांगितला. पैसे घेतले नाहीत. चहा पिईपर्यंत आम्ही दोघं भिंतीवरची घड्याळं बघत बसलो. सगळी वेगवेगळी वेळ दाखवत होती.

१३ जानेवारी, अर्जापूर आणि गाडी

सकाळी बिलोलीकडे. अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांचं स्मारक आहे. स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते, १९४६मध्ये रझाकारांनी त्यांना मारलं. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या पहिल्या हुतात्म्यांपैकी एक. त्या सकाळी तिथे मी आणि शेळ्या राखणारा एक म्हातारा, दोघंच होतो. "सतरा सप्टेंबरला या," तो म्हणाला, "तवा झेंडा अस्तो, सायेब अस्तेत, बुंदी अस्ती."

मला तिथे उगाच शोएबउल्ला खान आठवले. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. संस्थान भारतात यावं असं लिहायचे, म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये रझाकारांनी त्यांना रस्त्यात गाठून मारलं. लिहिणारा हात तोडला. रझाकार म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे रझाकार, हे समीकरण आमच्या गावात ज्या महिन्यात पक्कं झालं, त्याच्या जेमतेम महिनाभर आधी हा माणूस रझाकारांच्या हातून मेला होता. मी पंधरा वर्षं हा भाग शिकवतेय. त्यांचं नाव फळ्यावर किती वेळा लिहिलं? दोनदा, फार तर.

टेंभुर्णीला जायचं होतं, ते राहिलं. ठरवलेली जीप दोन तास उशिरा आली आणि वर जास्त पैसे मागितले. (भाडं आधी ठरवा, आणि ठरलेलं निघण्यापूर्वी पुन्हा एकदा वदवून घ्या.) टेंभुर्णी पोचिराम कांबळे यांचं गाव. २७ जुलै १९७८ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यातली खेडी पेटली. दलित वस्त्या जाळल्या, विहिरी नासवल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोचिरामांना जमावानं जिवंत जाळलं. पुढे १९९३मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी याच मागणीसाठी स्वतःला पेटवून घेतलं. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ला. ठरावानंतर साडेपंधरा वर्षांनी.

ज्यांच्याकडे नांदेडात उतरले होते त्या मैत्रिणीच्या आईनं भोगीचा डबा बांधून दिला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोण्याचा गोळा. संध्याकाळची गाडी. आरक्षण असूनही माझ्या बाकावर पाच जण होते आणि वर निळे झेंडे. उद्याचा दिवस गेटवर घालवायला निघालेली माणसं. कुणी उठायला लागलं, मी म्हटलं, बसा, होईल. झालं.

खिडकीशी साठीच्या आसपासची एक बाई, पांढरी साडी. तिनं पुऱ्या काढल्या, मी भाकरी. "भोगीची आहे, चालेल?" मी विचारलं.

"आमी सन पाळत न्हाई. पर भाकरीनं काय केलंय?"

पूर्णा गेल्यावर तिनं विचारलं, "दर वर्सी येता का?" पहिल्यांदाच, मी म्हटलं. मग तीच सांगू लागली. अठ्ठ्याहत्तरला ती बारा-तेरा वर्षांची. "पाटलाच्या घरातल्या बाईनं सांजच्याला निरोप धाडला, पोरीबाळी घिऊन निगा. तीन राती हायब्रीडच्या रानात काडल्या. पाऊस. आवाज करू नाई म्हनून माय धाकट्याच्या तोंडावर हात दाबून बसायची. माघारी आलो तं घराच्या जागी नुसत्या भिंती. सामान कोनाच्या घरी गेलं ते बी ठाव हुतं आमाला. मागायला कोन जानार?"

मला बोलायलाच हवं होतं. गाडीत दिवा होता पण मंद. मी म्हटलं, "माझे वडील तेव्हा लातूरला कॉलेजात होते. मोर्चात होते. विरोधाच्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मारामारी केली का त्यांनी?"

"घोषणा दिल्या म्हणायचे. तेवढंच सांगायचे."

"हायत का आता?"

"नाहीत."

"बरं," ती म्हणाली. "भाकर खा. वाळून चाललीय."

१४ जानेवारी, विद्यापीठ गेट, छत्रपती संभाजीनगर

रिक्षा मिलिंद कॉलेजच्या अलीकडेच थांबली. १९५०मध्ये बाबासाहेबांनी सुरू केलेलं हे कॉलेज, आजूबाजूचा सगळा परिसर नागसेनवन. तिथून गेटपर्यंत चालायचं. पाण्याची बाटली, टोपी आणि सुटे पैसे जवळ ठेवा. जानेवारी असली तरी दुपारी ऊन तापतं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचे इतके स्टॉल असतात की सुटे पैसे संपतातच. मी एवढी पुस्तकविक्री साहित्य संमेलनातही क्वचित पाहिली आहे. हातगाडीवर पेरू विकणारा पोरगाही शेजारच्या स्टॉलवरची पुस्तिका उघडून बसला होता.

गेट म्हणजे एक प्रवेशद्वार, बस. माणसं येतात, पायरीला हात लावून कपाळाला लावतात, कुणी डोकं टेकतं, कुणी लेकराला उचलून भिंतीला हात लावायला देतं. ज्या शाळेच्या दारात आजोबांना उभं केलं नसतं, त्या विद्यापीठाच्या दाराला. कालची बाई गर्दीत एकदा दिसली, नातवाला खांद्यावर घेऊन. हात केला, तिला दिसला नसावा.

बाजूला छोट्या स्टेजवर नामांतरात गेलेल्यांची नावं वाचत होते. फलकावर फोटो होते, काहींचे फोटो नव्हते, नुसती चौकट आणि खाली नाव. प्रत्येक नावाला लोक उत्तर देत होते. पोचिराम कांबळे. गौतम वाघमारे. कुणी ओरडत नव्हतं, घाई करत नव्हतं. एक माणूस प्रत्येक नावाला आपल्या पोराचा हात वर करत होता.

वडिलांनी इथे यायला हवं होतं, असं मला वाटलं नाही. खोटं कशाला लिहू? मला वाटलं, बरं झालं ते नाहीत.

मी गर्दीतून बाहेर येऊन आत्याला फोन लावला. संक्रांत, तिच्याकडे हळदीकुंकवाच्या बायका बसलेल्या, मागे भांड्यांचा आवाज. तीळगूळ घे, गोड बोल वगैरे झालं. मग मी सांगितलं, घंगाळावरचं नाव वाचून मिळालं. बाईचं आहे. आणि ते नाव सांगितलं, दोनदा, मोठ्यानं, कारण तिला ऐकू येत नाही. शेजारून जाणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं, फोन कटला.

"आत्या?"

"हाय की," ती म्हणाली. "तिचं हे नाव हुतं व्हय? आमी तिला खालाच म्हनत हुतो."